कार्ड कुठलं ते नंतर बघू, आधी खातं वेगळं कर

काकू नमस्कार,

मी सुदामानगरला राहते. मी आणि माझ्या मोठ्या जाऊबाई घरूनच फराळाचं करतो, चिवडा, भाजणी, शंकरपाळे, मेतकूट, लसणाची शेव. आधी फक्त दिवाळीला करायचो, आता बाराही महिने चालू आहे, इंदूरात तर देतोच पण पुण्या-ठाण्यालाही कुरियर जातं. पैसे ह्यांच्या सेव्हिंग खात्यात येतात आणि सगळा खर्च पण ह्यांच्याच डेबिट कार्डवरून होतो. सामान आणायला आमच्याकडे मदतीला असलेला मुलगा सियागंजला जातो, कार्ड त्याच्याजवळ असतं, पिन त्याला पाठ आहे. मागच्या महिन्यात मी पाऊचची मोठी ऑर्डर दिली आणि खात्यात पैसे कमी पडून घराचा हप्ता बाऊन्स झाला, घरात चांगलंच वाजलं. आता धंद्याचं वेगळं कार्ड घ्यायचं ठरवलंय. बँकेतल्या माणसाने तीन दाखवली, साधं, गोल्ड आणि प्लॅटिनम. प्लॅटिनमवर एअरपोर्टचा लाउंज फुकट आणि अपघात विमा मोठा, तो म्हणतो हेच घ्या. ह्यांचं म्हणणं की त्यापेक्षा क्रेडिट कार्डच घे. कुठलं घेऊ?

ता.क. कार्डावर जाऊबाईंचं नाव पण टाकता येतं का?

फराळवाली, सुदामानगर

---

अगं फराळवाली,

कार्डांबद्दल तू एवढं सविस्तर लिहिलंस आणि पिन मुलाला पाठ आहे हे मात्र अर्ध्या वाक्यात उरकलंस, मी तिथेच अडकले. म्हणून आधी ते. हे वाचून झालं की उठ आणि पिन बदल, बँकेच्या ॲपमधून बदलता येतो, नाहीतर कोपऱ्यावरच्या एटीएमवर जा. मुलगा चांगला असेल, असेलच, मी त्याच्यावर शंका घेत नाहीये. प्रश्न असा आहे की उद्या ते कार्ड बाजारात पडलं, किंवा कुणी त्याच्या खांद्यावरून पिन बघून नंतर कार्ड उचललं, तर बँक पहिला प्रश्न विचारणार की पिन कुणाकुणाला माहीत होता. रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं परिपत्रक आहे, ग्राहकाची चूक नसेल तर त्याला भरपूर संरक्षण आहे, पण पिन स्वतःच दुसऱ्याला दिला असेल तर तो ग्राहकाचा निष्काळजीपणा धरतात आणि बँकेला कळवेपर्यंत जेवढं नुकसान होईल ते सगळं आपल्याच अंगावर. आणि ते खातं तुझं पण नाहीये, तुझ्या मिस्टरांचं आहे, त्यात त्यांचा पगार येतो, घराचा हप्ता जातो. म्हणजे चिवड्याच्या पोह्यांसाठी तू घराची किल्ली बाजारात पाठवतेयस.

आता खात्याचं. मी एमटी क्लॉथ मार्केटमधल्या पेढ्यांचे हिशेब लिहिण्यात आयुष्य घातलंय, आणि तिथे मोठमोठे व्यापारीसुद्धा हेच करायचे, घरचं नि दुकानाचं एकाच गल्ल्यातून, मग मार्च आला की आम्ही डोकं धरून बसायचो की हे बारा हजार भाच्याच्या लग्नाचे का मालाचे. तुझा हप्ता बाऊन्स झाला तो कार्डामुळे नाही झाला, एका खात्यात दोन संसार चालू आहेत म्हणून झाला. ह्याच खात्यावर तू प्लॅटिनम घेतलंस तरी पुढच्या पाऊचच्या ऑर्डरला पुन्हा तेच होणार, फक्त कार्ड चकचकीत असेल.

दुसरं म्हणजे धंद्याची सगळी जमा मिस्टरांच्या खात्यात येतेय, तर कागदावर ती कमाई कुणाची दिसते? त्यांची. ते नोकरीवाले, त्यांच्या पगाराचा टीडीएस कापून रिटर्न भरून मोकळे, आणि खात्यात मात्र वर्षभर रोज पाचशे, बाराशे, सातशे असे यूपीआयचे थेंब पडतायत. कधी विचारणा झाली तर उत्तर त्यांना द्यावं लागेल, तुला नाही. सेव्हिंग खात्यात वर्षाला १० लाखांच्या वर नगद भरली तर बँक ती माहिती आयकर खात्याला देतेच, तुमची नगद एवढी नसेल, पण दिवाळीच्या सीझनला जपून. शिवाय सेव्हिंग खातं मुळात घरगुती वापरासाठी असतं, त्यावर रोजची खरेदी-विक्री दिसली की बँक करंट खातं उघडा म्हणून मागे लागते, ते तिच्या परीने बरोबरच आहे.

तर तुझ्या धंद्याच्या नावाने करंट खातं उघड. कागद काय लागतील तर तुझं पॅन, आधार, आणि धंदा खरंच चालतो ह्याचे साधारण दोन पुरावे. त्यातला एक म्हणजे उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे लहान धंद्याची सरकारी नोंद, ते सरकारी साइटवर आधारवरून घरबसल्या होतं आणि पूर्ण फुकट आहे. नीट ऐक, फुकट. गुगलवर शोधलंस तर वरती अशा साइटी येतात ज्या दिसायला अगदी सरकारी असतात आणि हजार-दोन हजार मागतात, त्यांच्या नादी लागू नकोस, पत्ता जीओव्ही डॉट इनने संपतोय ना तेवढं बघ. दुसरा पुरावा म्हणजे तुझं एफएसएसएआयचं, खाद्यपदार्थ विकायचं सरकारी रजिस्ट्रेशन, बऱ्याच बँका ते चालवून घेतात, आणि काढलं नसशील तर तसंही काढच, खायचं विकतेस आणि बाहेरगावी पाठवतेस तर ते लागतंच. नसेल तर नगर निगमचा दुकानाचा परवाना किंवा जीएसटी असेल तर त्याचं सर्टिफिकेट. कुठले दोन चालतील ते बँकेतच विचारून घे, दर शाखेचा मॅनेजर आपापलं डोकं चालवतो.

करंट खात्याचे तोटे बँकवाला आपणहून सांगणार नाही म्हणून मी सांगते. एक तर व्याज शून्य. दुसरं म्हणजे किमान शिल्लक सेव्हिंगपेक्षा जास्त, ती महिन्याच्या सरासरीवर आहे का तिमाहीच्या सरासरीवर हे विचार, कारण तुझा धंदा सीझनचा आहे, श्रावणापासून दिवाळीपर्यंत पैसाच पैसा आणि मग माघात चार पाकिटं. तिमाही सरासरी असेल तर एखादा वाईट महिना पोटात घेतला जातो. तिसरं, नगद भरायची फुकट मर्यादा असते आणि त्यावर चार्ज, पण तुमचं बहुतेक यूपीआय आहे तर तिकडे फार बघू नकोस. सगळ्यात कमी किमान शिल्लकीचं जे खातं असेल ते घे आणि त्या माणसाला सांग की मोठं नंतर बघू, वर जायला बँका कधीच नाही म्हणत नाहीत, खाली यायचं म्हटलं की फॉर्म सापडत नाही.

आता तुझा खरा प्रश्न, कार्ड. साधं घे. खरंच, सगळ्यात साधं. लाउंजसाठी कार्ड घेणाऱ्यांचं मला हसू येतं, अहिल्याबाई विमानतळावर तू वर्षातून किती वेळा जातेस? आणि हल्ली बऱ्याच कार्डांवर लाउंज मिळायला आधीच्या तिमाहीत ठरावीक खर्च केलेला असावा लागतो, ते बारीक अक्षरात खाली असतं. अपघात विम्याचं पण तसंच, कार्ड अपघाताच्या आधीच्या काही दिवसांत वापरलेलं असावं लागतं अशी अट बऱ्याच ठिकाणी असते. विमा हवा असेल तर वेगळा काढ, कार्डाच्या भरवशावर राहू नकोस. वार्षिक फी विचार आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धर, म्हणजे २५० सांगितले तर २९५ जाणार आणि ७५० सांगितले तर ८८५, आणि हे दरवर्षी, पहिलं वर्ष फुकट म्हणाले की दुसऱ्या वर्षाचं विचारायचंच. आणि तो माणूस म्हणाला ना की हेच घ्या, तर हे पण माहीत असू दे की बँकेला डेबिट कार्डाची सक्ती करता येत नाही, आणि कार्ड घ्याल तरच अमुक सोय देऊ असंही म्हणता येत नाही, रिझर्व्ह बँकेने २०२२ च्या नियमांत स्पष्ट लिहिलंय.

काउंटरवर उभी राहून विचारायचं ते हे, की दुकानात घासायची रोजची मर्यादा किती आणि एटीएमची किती, ह्या दोन वेगळ्या असतात आणि लोक गोंधळतात. एटीएममधून दुसऱ्या बँकेत किती वेळा फुकट, कारण ते महिन्याला अमुक वेळा फुकट वगैरे जे आपण ऐकतो ते सेव्हिंग खात्याचं आहे, करंटला बँक ठरवेल तसं. कार्ड हरवलं तर नवीन किती रुपयांना. आणि खात्यात पैसे नसताना एटीएमवर नकार आला तर त्याचा पण चार्ज लागतो का, बऱ्याच बँका लावतात. एवढं विचारलंस की तो माणूस तुला गिऱ्हाईक समजायचं सोडून नीट बोलायला लागेल.

रुपे (आपल्या देशातलं) का व्हिसा, कार्ड कुठल्या कंपनीचं, हे तू विचारलं नाहीस पण विचारायला हवं होतंस. तुझी खरेदी सियागंजची, छावणीची, चोइथराम मंडीची. तिथे लहान दुकानदार कार्ड बघितलं की तोंड वाकडं करतो, "दीदी, कार्ड पे दो परसेंट ज्यादा लगेगा". का, तर मशीनवाली बँक त्याच्याकडून कमिशन कापते. पण रुपे डेबिट कार्डावर १ जानेवारी २०२० पासून ते कमिशन शून्य आहे, यूपीआयसारखंच. बाकीच्या डेबिट कार्डांवर कमिशन आहे पण त्याला २०१८ पासून कमाल मर्यादा आहे, लहान व्यापाऱ्याला ०.४० टक्के आणि मोठ्याला ०.९० टक्के, आणि ते गिऱ्हाइकाकडून घ्यायचं नाही असाच नियम आहे. दोन टक्के हा आकडा क्रेडिट कार्डाचा, दुकानदार सगळ्या कार्डांना एकच काठी लावतो. रुपे पुढे केलंस तर शांतपणे सांगता येतं की भिया, ह्यावर तुमचं काहीच कटत नाही. मानेल न मानेल, पण निदान तू बरोबर आहेस. व्हिसा-मास्टरकार्ड तेव्हा घे जेव्हा परदेशी वेबसाइटला पैसे भरायचे असतील, आणि त्यातही चलन बदलायचे साडेतीन टक्क्यांच्या आसपास जातात हे धरून चाल. इन्स्टाग्रामच्या जाहिराती द्यायच्या असतील तर त्याचं बिल इथे रुपयांतच येतं.

कार्ड हातात आलं की पाकीट फाडून लगेच सियागंजला पळू नकोस, आधी ॲप उघड. नवीन कार्डावर ऑनलाइन आणि टॅप करून द्यायची सोय मुळात बंदच असते, आपण चालू केली तरच होते, २०२० पासून हा नियम आहे, आणि चालू-बंद करायची नि मर्यादा लावायची सोय चोवीस तास देणं बँकेवर बंधनकारक आहे. तर ही सोय वापर. दुकानाची मर्यादा रोजची दहा-बारा हजार, तुझ्या खरेदीच्या अंदाजाने. एटीएम एकदम कमी, किंवा बंदच. टॅपचं मला पटत नाही, ५,००० पर्यंत पिन न मागता जातात, बाजारात फिरणाऱ्या कार्डाला ते कशाला, बंद ठेव. परदेशी बंद. ऑनलाइन फक्त पाऊचची ऑर्डर द्यायची तेव्हा चालू करायचं, ऑर्डर गेली की बंद. दोन मिनिटांचं काम आहे आणि महाग कार्डातल्या सगळ्या सुविधांपेक्षा हे एकटं जास्त उपयोगाचं आहे, त्याला पैसे पडत नाहीत म्हणून कुणी सांगत नाही एवढंच.

एखादं ॲप किंवा सबस्क्रिप्शन दर महिन्याला कार्डावर लावलं असशील तर १५,००० पर्यंतची रक्कम ओटीपी न विचारता कापली जाते, पण कापायच्या २४ तास आधी मेसेज यायला हवा. तो मेसेज वाचत जा. फुकट ट्रायल म्हणून चालू केलेली कितीतरी वर्षानुवर्षं चालू असतात.

मग मुलाचं काय, तो तर उद्या पण बाजारात जाणार. त्याला कार्ड द्यायचंच नाही. यूपीआय सर्कल म्हणून एक सोय २०२४ मध्ये आली, त्यात तुझ्या खात्यातून तो त्याच्या फोनवरून पैसे देऊ शकतो, पिन तुझाच आणि तुझ्यापाशीच. एक पद्धत अशी की तू महिन्याची मर्यादा ठरवून द्यायची, जास्तीत जास्त १५,००० महिन्याला आणि एका वेळी ५,०००, तेवढ्यात तो मोकळा. दुसरी अशी की दर वेळी तुझ्या फोनवर विचारणा येणार आणि तू पिन टाकशील तेव्हाच पैसे जाणार. मला विचारशील तर दुसरी, कारण किती झाले नि कशाचे हे तुला तिथल्या तिथे कळतं, पण तू कढईसमोर असशील आणि हात बेसनाने भरलेले असतील तर पहिली घे. तुझ्या ॲपवर आणि करंट खात्यावर हे चालतं का ते खातं उघडतानाच विचार. रिक्षाभाडं, हमाली असल्या सुट्या खर्चाला त्याला आठवड्याची ठरावीक नगद दे आणि शनिवारी पर्च्या घे. मोठी खरेदी असेल, बेसनाची पोती, सुकामेवा, तर दुकानदाराला क्यूआर व्हॉट्सॲपवर पाठवायला सांग आणि घरून तू दे, मुलाने फक्त माल उचलून लोडिंग रिक्षात टाकायचा.

आता बिलं. इथे जरा थांब, कारण कार्ड घेतलं की हिशेब आपोआप झाला असं सगळ्यांना वाटतं. स्टेटमेंटमध्ये काय येतं, दुकानाचं नाव, तेही अर्धं, तारीख आणि ४,८६० रुपये. त्यात काजू किती, दाळवं किती, आणि मध्येच घरचा साबण घातला होता का, हे कुठेच नाही. मशीनमधून निघते ती चिठ्ठी म्हणजे पैसे दिल्याची पावती, ते बिल नाही. पक्कं बिल वेगळं मागायचं, तुझ्या धंद्याच्या नावाने. सियागंजात पटकन कच्च्या चिठ्ठीवर निळ्या पेनने आकडे लिहून देतात, छान वळणदार, आणि खाली दुकानाचं नावसुद्धा नसतं, ती कुणाला दाखवणार तू? पुढे जीएसटी नंबर घेतलास आणि खरेदीवर भरलेला कर परत धरायचा असेल तर तुझा नंबर छापलेलं बिलच लागतं, कार्डाच्या स्टेटमेंटवर कुणी एक रुपया देत नाही. आणि मशीनची ती चिठ्ठी थर्मल कागदाची असते, मी दुकानांच्या फायली उघडल्यात ज्यात एक पावसाळा गेल्यावर नुसते कोरे पांढरे तुकडे पिन करून ठेवलेले असतात, कोपऱ्यात कुठेतरी फिकट जांभळा डाग आणि बाकी काही नाही. पिशवी घरात आली की आधी फोटो काढायचा, मग पोहे भाजायला घ्यायचे.

नगदीचं एक लक्षात ठेव, एकाच माणसाला एका दिवसात १०,००० च्या वर नगद दिली तर तो खर्च आयकरात धरत नाहीत, दोन चिठ्ठ्या फाडल्या तरी दिवसाची बेरीजच बघतात. म्हणून मोठं पेमेंट खात्यातूनच. आता तुझा सीए म्हणेल की लहान धंद्याला अंदाजे नफ्याची योजना आहे, २ कोटींपर्यंत उलाढाल असेल तर नगद आलेल्या रकमेच्या ८ टक्के आणि बँकेतून आलेल्या रकमेच्या ६ टक्के नफा दाखव आणि मोकळी हो, खर्चाची बिलं कुणी मागत नाही. बरोबर आहे त्याचं, तुला ते सोयीचंही पडेल, आणि पैसे खात्यात आले तर ८ चे ६ होतात हा खातं वेगळं ठेवायचा अजून एक फायदा. पण बिलं सरकारसाठीच ठेवायची असं नसतं गं. लसणाच्या शेवेत तुला किलोमागे काय सुटतं हे सांगू शकशील आत्ता, कुरियर नि पाऊच धरून? नाही ना. तेल वाढलं की भाव कधी वाढवायचा हे त्या बिलांतूनच कळणार.

काही बिघडलं तर काय करायचं ते पण सांगून ठेवते. दुकानात कार्ड घासलं, खात्यातून गेले आणि दुकानदाराकडे पोचलेच नाहीत, तर बँकेने व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत ते परत करायला हवेत, त्यापुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई, मागायची पण गरज नाही, त्यांनी आपणहून द्यायची. एटीएममधून पैसे निघाले नाहीत नि खात्यातून गेले, तरी तेच. आपण न केलेला व्यवहार दिसला तर आधी कार्ड ॲपवरून बंद, मग बँकेला फोन, तक्रारीचा नंबर लिहून घे, आणि १९३० ह्या सायबर हेल्पलाइनला लगेच सांग, जितकं लवकर तितकी पैसे वाटेत अडवायची शक्यता जास्त. तुझी नि बँकेची दोघांचीही चूक नसेल, मधल्याच कुणी डल्ला मारला असेल, तर ३ कामाच्या दिवसांत कळवलं की तुझ्यावर काहीच येत नाही. ४ ते ७ दिवसांत कळवलंस तर मर्यादित जबाबदारी, आणि गंमत बघ, करंट खात्याला ती २५,००० पर्यंत असू शकते पण सूक्ष्म-लघु उद्योगाच्या खात्याला १०,००० पर्यंतच. म्हणजे ते फुकटातलं उद्यम रजिस्ट्रेशन बँकेत नीट नोंदवून घेतलंस तर इथेही कामाला येतं. सात दिवसांच्या पुढे बँकेची मर्जी. म्हणून एसएमएसचा नंबर तुझा दे, मिस्टरांचा नको, ते मीटिंगमध्ये असतात. बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार होते, वकील लागत नाही, फी नाही.

मिस्टर म्हणतात क्रेडिट कार्ड, तर अजून नको. दिवाळीच्या मालाला महिना-दीड महिना उधारी मिळते हे खरंय, पण ज्या घरात आत्ताच हप्ता चुकलाय तिथे अजून एक तारीख कशाला लक्षात ठेवायची. वर्षभर हे खातं नीट चालव, मग बघू. आणि बँकेने कॅश क्रेडिट, म्हणजे धंद्यासाठी लागेल तसं उचलायचं कर्ज, देतो म्हटलं तर माहीत असू दे की त्या खात्यावर डेबिट कार्ड मिळत नाही, नियमातच नाही.

एक राहिलंच. तुझं सेव्हिंग आणि हे करंट एकाच बँकेत ठेवायचा विचार असेल, विशेषतः आपल्या ओळखीच्या सहकारी बँकेत, तर बँक बुडाली तर मिळणारा ठेव विमा ५ लाखांचा असतो आणि एकट्या मालकाच्या धंद्याचं खातं नि त्याचं स्वतःचं खातं त्यात एकत्र मोजतात. दोन खाती म्हणजे दहा लाख असं नाही.

आणि ता.क. जाऊबाईंचं नाव. कार्डावर नाव एकाचंच असतं, पण प्रश्न कार्डाचा नाहीच. वर मी सगळं असं धरून लिहिलंय की धंदा तुझ्या एकटीच्या नावाने असणार. पण तू लिहितेस "आम्ही करतो", तर नफा कसा वाटता? त्या महिन्याला ठरावीक घेत असतील तर धंदा तुझा आणि त्यांचे पैसे म्हणजे मेहनताना, खात्यातून त्यांच्या खात्यात दर महिन्याला जाऊ दे, नगद नको. पण निम्मं-निम्मं असेल तर ती भागीदारी आहे, मग भागीदारीचा करार स्टॅम्प पेपरवर, फर्मचं वेगळं पॅन, आणि खातं फर्मच्या नावाने. त्यात खातं दोघींपैकी कुणीही एकीने चालवायचं असं लिहिलं तर साधारण दोघींना आपापलं कार्ड मिळू शकतं, दोघींच्या सह्या मिळूनच चालवायचं ठरलं तर बँका बहुतेक कार्ड देत नाहीत, कारण पिन एकटीनेच दाबायचा असतो. हे खातं उघडायच्या आधी ठरवायला लागेल, नंतर बदलायचं म्हणजे खातं बंद करून पुन्हा सगळे कागद. तर सोमवारी बँकेत जाऊ नकोस अजून, रविवारी दुपारी दोघी बसा, मिस्टर नि भावजींना चहा करायला लावा, आणि कुणाचं किती ते एका कागदावर लिहा. मग कळव, फर्म निघाली तर करारात काय काय घालायचं ते पुढच्या वेळी सांगते.

काकू